नाव खोडलं, वाडी राहिली

(रत्नागिरीतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातला ओबडधोबडपणा तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'आरोग्य संशोधन आणि आपली माहिती' असा छापलाय. तो वाचून मागच्या रांगेतली दोन-तीन पोरं चहाला गेली. त्यांचं चुकलं नाही. आपल्याला विषय लागतो विहिरीचा, जमिनीचा, मारहाणीचा. कागदानेही मार बसतो हे पटायला आपल्याला वेळ लागतो, कारण अंगावर वळ उठत नाहीत. मी आज अशाच एका कागदाबद्दल बोलणार आहे. तो कागद मी स्वतः भरला होता. तेव्हा हे भाषण आरोपीच्या पिंजऱ्यातून चाललंय असं समजा.

शिक्षण झालं होतं, नोकरी नव्हती. एका संस्थेला आरोग्याच्या पाहणीसाठी गावोगाव फिरणारी पोरं हवी होती. रोजचे ठरलेले पैसे, एसटीचं भाडं वेगळं. संस्थेचं नाव सांगत नाही. मुंबईला कामाला असणाऱ्या चाकरमान्यांच्या घरच्या बायकांची तब्येत, असा अभ्यासाचा विषय होता. विषय चांगला होता, आजही म्हणेन चांगला होता. कोकणातला बापया मुंबईला. आधी गिरणीत, गिरण्या गेल्यावर वॉचमन म्हणून, हमाल म्हणून. बाई इकडे भात लावते, लाकडं आणते आणि आजारपण अंगावर काढते. तिला काय होतंय हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या वाट्याला बौद्धवाड्या दिल्या. "तुझ्या लोकांत तू लवकर मिसळशील," साहेब म्हणाले. साहेबांचं बरोबर होतं. मी मिसळलो. तिथेच घात झाला.

एका वाडीत एक वहिनी होत्या. नात्यातल्या नव्हेत, वाडीच्या नात्याने वहिनी. नवरा मुंबईत वारलेला. फॉर्म लांबलचक. सध्या कुठल्या आजारावर औषध चालू आहे, या प्रश्नाशी आलो आणि त्या गप्प झाल्या. उठून दार लोटून आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्या कागदावर माझं नाव हाय काय?"

मी म्हटलं, "नाय वहिनी. नाव वेगळ्या वहीत. हितं फक्त नंबर. कुणाला कळायचं नाय."

मग त्यांनी सांगितलं. एचआयव्ही. औषधाला त्या जवळच्या दवाखान्यात जात नव्हत्या. दोन एसट्या बदलून लांब जात होत्या, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. वाडीत एकालाही पत्ता नव्हता. मला सांगितलं, कारण मी त्यांच्यातला होतो आणि मी शब्द दिला होता. मी लिहून घेतलं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली. अंगठा नव्हे, सही. शिकलेल्या होत्या.

पत्त्याच्या रकान्यात फक्त गाव लिहायचं असं आधी ठरलं होतं. नंतर वरून निरोप आला, पत्ता पूर्ण लिहा, परत भेट द्यायला सोपं जातं. मी सगळ्या फॉर्मांवर वाडी लिहिली. माझ्या अक्षरात.

पुढे त्या फॉर्मांचा संगणकावर तक्ता झाला. नावांची वही बाजूला ठेवली, नावाच्या जागी नंबर आला, आणि तक्ता दुसऱ्या अभ्यासकांना वापरायला दिला गेला. संशोधनाच्या जगात हल्ली हे चांगलं मानतात, आणि ते चांगलंच आहे. एकाने गोळा केलेली माहिती दहा जणांनी तपासावी. कुणी आकडे फुगवले असतील तर उघडं पडावं. त्याच प्रश्नासाठी गरिबाच्या दारात पुन्हा पुन्हा जावं लागू नये. तर तो तक्ता फिरत फिरत एका कॉलेजच्या पोराकडे प्रोजेक्टसाठी आला. पोरगा त्याच गावचा, वरच्या आळीतला. वाईट नव्हता. तक्त्यात आपलं गाव दिसल्यावर तुम्ही-आम्ही बघू तसं त्याने बघितलं. गाव अमुक. वाडी, बौद्धवाडी. वय चौतीस. विधवा. मुलं दोन. आणि पुढचा रकाना आजाराचा.

त्या वाडीत घरं अठरा. चौतीस वर्षांची विधवा एक.

पोरगा घरी आईशी बोलला. बास, एवढंच झालं.

वहिनी शाळेत पोरांची खिचडी शिजवत होत्या. गावातल्या काही घरांना त्यांच्या हातचं आधीपासूनच नको होतं. पण तसं तोंडाने म्हणायची सोय नव्हती, कायदा आडवा येत होता. आता सोय झाली. "आमचं जातीबितीचं काही नाही हो, पोरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे." एचआयव्ही शिजवलेल्या अन्नातून होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे सरकारने किती वर्षं भिंतींवर रंगवलं. भिंत कोण वाचतो? काम गेलं.

आणि आपल्या वाडीने काय केलं? नळावर त्यांची कळशी बाजूला सरकवली. आपल्याच वाडीने. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ओंजळीने प्यालं, असं आपण दरवर्षी भाषणात सांगतो, त्या आपण.

मी भेटायला गेलो. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, नंबर होता ना?"

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. मी तालुका सांगितला नाही, गाव सांगितलं नाही, साल सांगितलं नाही. वय आणि मुलं बदलून सांगितली. घरांचा आकडाही तोच नाही. तरीसुद्धा आत्ता तुमच्यापैकी चार-पाच जणांच्या डोक्यात 'अमक्या वाडीतली ती तर नव्हे?' असं सुरू झालंय. चेहऱ्यांवर दिसतंय मला. तिथेच थांबा. ही जी डोक्यात जुळवाजुळव सुरू झाली ना, तिच्याबद्दलच मी बोलायला आलोय.

ही जुळवाजुळव काय करू शकते हे अमेरिकेतल्या एका काळ्या मुलीने दाखवून दिलं. तिचं नाव लतान्या स्वीनी. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या सरकारी नोकरांच्या दवाखान्यांच्या नोंदी नावं काढून अभ्यासकांना दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना हमी दिली, नावं काढली आहेत, काळजी नको. स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिने २० डॉलर टाकून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. जन्मतारीख, बाई की पुरुष, आणि पिनकोड. गव्हर्नरच्या जन्मतारखेची माणसं यादीत सहा. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. खुद्द गव्हर्नरचा आजार आणि औषधं तिच्या हातात. पुढे तिने १९९०च्या जनगणनेवरून हिशेब मांडला, की या तीन खुणांवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील.

आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. दलित पँथरही १९७२चीच. एकाच वर्षाची दोन पोरं, एक सरकारची, एक आपली. आपली सरकारच्या कामाला आली नाही, पण सरकारची आपल्याला शोधायला बरोबर उपयोगी पडते.

पण खरं सांगायचं तर आपल्याला शोधायला पिनकोडसुद्धा लागत नाही. गव्हर्नर सापडायला तीन खुणा लागल्या. आपल्याला एक पुरते, वाडी. कोकणातलं गाव कसं असतं तुम्हाला माहीत आहे. ते वाड्यांत फुटलेलं असतं आणि वाडी जातीने बांधलेली असते. शहरातला माणूस पत्ता सांगतो तेव्हा तो कुठे राहतो ते कळतं. आपण पत्ता सांगतो तेव्हा आपण कोण आहोत ते कळतं. डिसेंबर २०२०मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावं. निर्णय चांगला. पण फॉर्मवर 'भीमनगर' वाचल्यावर कुणाला काय कळायचं राहतं, सांगा बघू? पाटी बदलली, रस्ता तोच.

म्हणून मी म्हणतो, 'नाव काढून टाकलंय' हे वाक्य सवर्ण वस्तीतल्या, मोठ्या शहरातल्या माणसाला थोडंफार झाकत असेल. अठरा घरांच्या वाडीतल्या बाईला ते झाकत नाही. चादर त्याच मापाची, पण तिच्या अंगाला पुरत नाही.

आपल्याला मोजायची हौस या देशात नवी नाही. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२पासून वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी यांचे रकाने होते. पुढच्या जनगणनांत हे आजार जातवार छापले. कुठल्या जातीत महारोगी किती, कुठल्या जातीत वेडे किती. रिस्ले नावाच्या साहेबाने तर नाकांची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावून दाखवली. ज्यांची नाकं मोजली त्यांना कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझं नाक कशासाठी मोजू? आणि एकदा का आजार वस्तीला चिकटला की तो सुटत नाही. आमच्या लहानपणी कुणी वेडंवाकडं बोललं की म्हणायचे, ह्याला रत्नागिरीला पाठवा. इथे मनोरुग्णालय आहे, शंभर वर्षांहून जुनं. सगळं शहर एका आजाराचं नाव होऊन बसलं. मग एका वाडीची, एका घराची काय कथा? कुष्ठरोगाचंच घ्या. १९५५चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९पर्यंत होतं. म्हणजे कागदावरची एक नोंद बाईचं घर कायद्याने मोडू शकत होती.

हे ऐकून कुणीतरी उठेल आणि म्हणेल, मग जाळा ती रजिस्टरं. एकालाही दारात उभं करू नका. मलाही त्या दिवशी वहिनींच्या घरून परत येताना हेच वाटलं होतं. पण थांबा.

बाबासाहेबांचं काय करायचं? इथून मंडणगड तालुक्यात आंबडवे त्यांचं मूळ गाव. दापोलीत त्यांच्या लहानपणाचा काही काळ गेला. त्यांनी १९४८ला 'द अनटचेबल्स' लिहिलं. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हीन वंशाचे, हा सिद्धांत त्यात मोडून काढला. कशाने मोडला? त्याच नाकांच्या मोजमापांनी. घुर्यांच्या पुस्तकात छापलेले आकडे त्यांनी उचलले आणि दाखवलं, की ब्राह्मणाचं माप आणि अस्पृश्याचं माप वेगळा वंश ठरवत नाही. ज्या फुटपट्टीने आपल्याला खाली ठेवलं, तीच त्यांनी हिसकावून वापरली. आकडे कपाटात कुलूपबंद असते तर त्यांना मिळाले असते काय?

दुसरं. २०१८ला संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने एक अहवाल काढला. त्यात आकडा आहे, भारतातली दलित बाई उच्च जातीतल्या बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. साडेचौदा वर्षं, बहिणींनो. हा आकडा आभाळातून पडला नाही. कुणीतरी कुणाच्या तरी दारात गेलं, जात विचारली, घरात कोण वारलं ते विचारलं, लिहून घेतलं. मग दुसऱ्या कुणाला ती माहिती वापरायला मिळाली, तेव्हा तो आकडा निघाला. आपण उत्तरं दिली नाहीत, तर आपण मेलो हेही कागदावर येणार नाही. आणि जे कागदावर नाही त्याला सरकार मानत नाही, हे रेशनकार्डापासून आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मोजा. जात विचारून मोजा. मोजलेलं उघड करा, आमच्याही हातात द्या. पण आमचा माणूस उघडा पाडू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र होत नाहीत असं कुणी सांगितलं तर तो आळशी आहे, नाहीतर त्याला आपली पर्वा नाही. कारण त्या करून दाखवलेल्या आहेत.

मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिच्याकडे असतं. पहिली पाहणी १९९२-९३ला झाली. तिसरी २००५-०६ला. त्या तिसऱ्या पाहणीत एक लाखाहून जास्त लोकांची एचआयव्हीची तपासणी केली. कशी केली बघा. बोटातून रक्ताचे थेंब कागदावर टिपले. त्या कागदावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त पट्टीचा सांकेतिक नंबर. आधी घराच्या आणि गावाच्या ओळखीच्या खुणा मोडून टाकल्या, आणि मगच रक्ताचा निकाल बाकीच्या उत्तरांना जोडला. म्हणजे जोडणाऱ्याला स्वतःलाही कळू नये की हे रक्त कुणाचं. याची किंमतही होती. निकाल त्या माणसाला सांगता येत नव्हता, कारण निकाल कुणाचा हेच ठाऊक नाही. म्हणून प्रत्येकाला सांगितलं, तुम्हाला कळून घ्यायचं असेल तर सरकारी केंद्रात जा, फुकट तपासणी होईल.

चौथ्या पाहणीत, २०१५-१६ला, कुठल्या जागी माहिती घेतली त्याचे नकाशावरचे बिंदू अभ्यासकांना दिले. पण ते मुद्दाम हलवून दिले. शहरातला बिंदू २ किलोमीटरपर्यंत, खेड्यातला ५ किलोमीटरपर्यंत, आणि खेड्यांतल्या शंभरातला एक तर १० किलोमीटरपर्यंत. राज्याचा हिशेब बिघडत नाही, वाडी सापडत नाही. पाच किलोमीटर! मी वहिनींना पाच फूटही हलवलं नव्हतं. अक्कल होती, पद्धत होती, माझ्या फॉर्मपर्यंत ती पोचली नव्हती एवढंच. मोठ्या पाहणीला मोठी कुलपं, आणि आमच्यासारख्या रोजंदारीवरच्या पोरांच्या पाहणीला एक निरोप, 'पत्ता पूर्ण लिहा'.

आणि मोठ्यांचीही कुलपं किती पक्की? २०१६च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका प्रयोगशाळेचे हजारो रुग्णांचे तपासणी अहवाल इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. त्यात एचआयव्हीचेही होते, नावांसकट. २०२०च्या सुरुवातीला एका जर्मन कंपनीने दाखवलं, की भारतातल्या रुग्णांची १२ कोटींवर एक्स-रे, सीटी स्कॅनची चित्रं पासवर्डशिवाय कुणालाही बघता येतात, आणि त्यांत सगळ्यात वरचा नंबर आपल्या महाराष्ट्राचा. नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सची यंत्रणा हल्लेखोरांनी बंद पाडली. ऑक्टोबर २०२३ला बातमी आली, ८१ कोटींवर भारतीयांची माहिती चोरबाजारात विकायला ठेवलीय आणि ती कोविडच्या तपासणीच्या नोंदींतून गेल्याचा दावा आहे. हे चोरीचं झालं. पण वहिनींची माहिती कुणी चोरली नव्हती, हे विसरू नका. ती रीतसर दिली गेली होती.

आता थोडं समुद्रापलीकडे. आपल्या पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरचं आपण एवढंच वाचलं की ते बंदुका घेऊन उभे राहायचे. त्यांनी दवाखानेही चालवले. १९७१पासून त्यांनी आपल्या वस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली, कारण हा काळ्यांचा आजार म्हणून सरकार बघत नव्हतं. मग सरकारही जागं झालं. काही राज्यांनी काळ्यांवर सक्तीच्या तपासण्या लादल्या. ज्यांना आजार नव्हता, फक्त रक्तात वाहकाची खूण होती, अशांच्या नोकऱ्या गेल्या, विमा नाकारला गेला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचं दार तर वाहकांना १९८१पर्यंत बंद होतं. १९७२च्या राष्ट्रीय सिकलसेल कायद्यात शेवटी लिहावं लागलं, की तपासणी ऐच्छिक असेल आणि निकाल गुप्त राहील.

हे मी का सांगतोय? विदर्भात, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, हा आजार आदिवासींत आहे तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. १ जुलै २०२३ला शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करायचं लक्ष्य ठेवलं. तपासणी व्हायलाच पाहिजे, पोरं मरतात या आजाराने. पण प्रत्येकाची रक्ताची नोंद तयार झाली की विचारलं पाहिजे, ती कुणाच्या कपाटात, किती वर्षं? वाहक म्हणजे रोगी नव्हे हे ज्याला समजत नाही, तो सोयरीक जुळवताना ते कार्ड कसं वाचेल? उद्या 'ही अमक्या जातीचीच रक्ताची खोट' म्हणून नवा रिस्ले उभा राहायला किती वेळ लागेल? इथे एका माणसाचं नाव झाकून भागत नाही. अख्ख्या समाजावर शिक्का बसतो, आणि त्या समाजाला कुणी विचारलेलं नसतं.

विचारायचं कसं, याचा एक धडा बाल्टिमोरला सापडतो. हेन्रिएटा लॅक्स, काळी बाई, पाच मुलांची आई, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने १९५१ला वारली. वय ३१. तिच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या, जगभर गेल्या, त्यांच्यावर औषधं निघाली, कंपन्या मोठ्या झाल्या. ओळख झाकायला तिचं नाव हेलन लेन असं खोटंच सांगायचे. पण पेशींचं नाव ठेवलं होतं 'हेला'. तिच्याच नावा-आडनावाची पहिली अक्षरं! किती दिवस झाकणार? २०१३ला युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा इंटरनेटवर टाकला. तो तिचा होता, म्हणजे तिच्या मुला-नातवंडांचाही होता. बोंब झाली, आराखडा काढून घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला. आराखडा अभ्यासकांना मिळेल, पण अर्ज करून. आणि अर्ज तपासणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबाची माणसं बसतील. बासष्ट वर्षं लागली, पण बसली. संशोधन थांबलं नाही. फक्त दार उघडायच्या आधी घरच्यांना विचारायची पद्धत पडली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी एचआयव्हीचा कायदा झाला. त्यात कुणाचा एचआयव्ही उघड करायला बंदी आहे, आणि त्यावरून कामावरून काढायलाही. त्याच वर्षी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नैतिक मार्गदर्शक तत्त्वं नव्याने छापली. त्यात गुप्तता आहे, समाजाशी बोलणं आहे, नैतिकता समितीत सामान्य माणूस बसवणं आहे. सगळं आहे.

पण पुढचं ऐका. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१८पासून शिजत होता. त्या मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकात 'संवेदनशील माहिती' असा वेगळा वर्ग होता. त्यात आरोग्य होतं, आणि 'जात किंवा जमात' हे शब्दही होते. ओळख पुसलेली माहिती घेऊन परवानगीशिवाय पुन्हा माणूस शोधून काढला, तर तीन वर्षांपर्यंत कैद असंही २०१९च्या विधेयकात होतं. २०२२ला ते विधेयक मागे घेतलं. २०२३ला जो कायदा झाला त्यात तो वर्ग नाही आणि ते कलमही नाही. जात आणि आजार आता मोबाइल नंबराच्या पंगतीत बसले. आणि संशोधनाला सवलत ठेवलीय. अट अशी, की त्या माहितीवरून त्या ठराविक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, आणि सरकारने ठरवलेली मानकं पाळायची.

वाचायला बरं वाटतं. पण वहिनींच्या बाबतीत हे लावून बघा. संशोधकाने त्यांच्याबद्दल काही निर्णय घेतला का? नाही. संस्थेने? नाही. निर्णय गावाने घेतला, शाळेच्या चुलीजवळ आणि नळावर. या देशात माणसाचे निर्णय सहीशिक्क्याने होतात त्याहून जास्त नळावर होतात. ते नळावरचे निर्णय डोळ्यांपुढे ठेवून कायदा लिहिणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला नव्हता.

म्हणून उद्यापासून काय करायचं, ते सांगतो. फॉर्म घेऊन कुणी वाडीत आलं तर हाकलू नका. बसवा, पाणी द्या आणि पाच प्रश्न विचारा.

एक. नाव सोडून बाकी काय काय लिहिताय? फॉर्म दाखवा. वाडी कशाला? जन्मतारीख कशाला, 'तीस ते चाळीस' एवढ्यावर भागत नाही काय?

दोन. नाव आणि नंबर जोडणारी वही कुणाच्या कपाटात आहे, चावी किती जणांकडे, आणि ती वही नष्ट कधी करणार?

तीन. ही माहिती पुढे कुणाकुणाला देणार? घेणाऱ्याकडून लेखी घेणार काय, की मी माणूस शोधायचा प्रयत्न करणार नाही आणि दुसऱ्याला देणार नाही?

चार. तक्त्यात एखाद्या रकान्यात दोन-चारच माणसं येत असतील तर काय करणार? आमची मागणी, दहापेक्षा कमी असतील तर शेजारच्या गटात मिसळा. वाडी तालुक्यात मिसळा, तालुका जिल्ह्यात. आम्हाला एरवी कुणी मिसळून घेत नाही, निदान तक्त्यात तरी घ्या.

पाच. तुमच्या समितीत आमचं कोण आहे? आणि अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते वाडीत परत येऊन सांगणार काय?

हे प्रश्न मी स्वतःला त्या वेळी विचारले असते तर एका बाईची चूल विझली नसती. म्हणून इथे जी पोरं-पोरी पाहणीची कामं करतात, आशाताई आहेत, लॅबमध्ये आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. वरून निरोप आला म्हणून जास्तीचा रकाना भरू नका. साहेबाला विचारा, कशाला हवंय? नोकरी जाईल ही भीती मलाही होती. नोकरी तशीही सहा महिन्यांची होती.

आणि शेवटचं आपल्या घरातलं. माहिती त्या पोराच्या तोंडून वरच्या आळीत गेली, पण कळशी आपल्या हातांनी सरकवली. कुठलाही कायदा, कुठलीही समिती ही कळशी परत जागेवर ठेवणार नाही. ती आपल्यालाच ठेवायची आहे. मी आणि दोघी-तिघी बायका त्या वाडीत बरेच दिवस जाऊन बसलो. एका म्हातारीने पहिल्यांदा वहिनींच्या घरचा चहा घेतला, मग हळूहळू बाकीच्यांनी. खिचडीचं काम अजून परत मिळालेलं नाही. ते भांडण चालू आहे.

इथे यायच्या आधी मी वहिनींना विचारायला गेलो. म्हटलं, शिबिरात तुमची गोष्ट सांगू काय? त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा भाऊजी. पोरांना कळूं दे. पण वाडी नको."

म्हणून वाडी सांगितली नाही.

जयभीम.